बांगड्या मोजून तीन सेकंद
वाचकांचे प्रश्न : भाषाशिक्षकांसाठी

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून जास्त इंग्रजी आणि मराठी शिकवणाऱ्या शिक्षकांची आहेत, म्हणून हा अंक त्यांनाच दिला. बडोद्याच्या एका गुजराती माध्यमाच्या शाळेत मी चौतीस वर्षं इंग्रजी शिकवलं. उत्तरं त्याच वर्गातून आलेली आहेत.

प्रश्न : मी मांजलपूर भागातल्या एका सीबीएसई शाळेत आठवीला इंग्रजी शिकवते. वर्षाला पन्नास तासांचं प्रशिक्षण आल्यापासून मी एकामागून एक ऑनलाइन कोर्स करते आहे. फाइलमध्ये बावीस सर्टिफिकेटं जमली. पण वर्गात प्रश्न विचारला की त्याच चार मुली हात वर करतात, बाकीचे वहीत डोकं घालून बसतात. मी सुधारले की नाही हे मला कळायचं कसं?

उत्तर : तुमचं शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं. हा प्रश्न स्वतःला विचारणारी शिक्षिका भेटली की मला फार बरं वाटतं.

आधी त्या पन्नास तासांविषयी. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास स्वतःच्या व्यावसायिक विकासासाठी द्यावेत असं म्हटलंय, आणि ते शिक्षकाच्या स्वतःच्या आवडीप्रमाणे असावेत हेही तिथेच लिहिलंय. हा दुसरा भाग शाळेच्या परिपत्रकापर्यंत पोचेपर्यंत गळून जातो. सीबीएसईने त्या तासांचे दोन भाग केले : २५ तास बोर्डाकडून किंवा सरकारी प्रशिक्षण संस्थांकडून, आणि २५ तास शाळेतल्या शाळेत किंवा आसपासच्या शाळांनी मिळून. म्हणजे निम्मे तास तुमच्याच इमारतीत, तुमच्याच सहकाऱ्यांबरोबर घालवायचे आहेत. ते कशात घालवायचे हे मुख्याध्यापकांशी बसून ठरवा. त्यांनी नेमून देण्याची वाट पाहू नका.

ऑनलाइन कोर्स टाकाऊ आहेत असं मी म्हणणार नाही. दीक्षा या सरकारी ऑनलाइन मंचावरचे काही भाग मी भाचीबरोबर बसून पाहिलेत, त्यातले चांगले खरोखर चांगले आहेत. पण तुमची आठवी गप्प का, हे त्यातला कुठलाही भाग सांगू शकणार नाही, कारण त्यांनी तुमची आठवी पाहिलेलीच नाही.

माझ्याकडेही असाच एक गप्प वर्ग होता. १९९६चा डिसेंबर. नववी ब, सकाळची शाळा, पस्तीस मिनिटांचा तास. मी घरचा टेपरेकॉर्डर पिशवीत घालून नेला आणि खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. विषय साधा भूतकाळ. ‘व्हॉट डिड यू डू यस्टरडे?’ रात्री जेवणं झाल्यावर ओट्यापाशी उभी राहून ती कॅसेट ऐकली. मला वाटत होतं, मी मुलांना खूप बोलतं करते. कॅसेटवर पस्तीसपैकी सत्तावीस-अठ्ठावीस मिनिटं माझाच आवाज होता. प्रश्न मी विचारत होते, तोच प्रश्न जरा बदलून पुन्हा विचारत होते आणि उत्तरही मीच देत होते. एका ठिकाणी मागच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला, ‘बेन, आय...’ आणि मी लगेच, ‘येस, आय वेन्ट. वेन्ट टू? वेन्ट टू द मार्केट. गुड, सिट डाउन.’ तो मार्केटला गेला होता की नव्हता, देव जाणे. त्याचं वाक्य मी त्याच्या तोंडातून काढून घेतलं होतं. ती जागा मी तीन वेळा मागे नेऊन ऐकली आणि मग मला ऐकवेना.

पुढे कळलं, यावर अभ्यास झालेला आहे. मेरी बड रो नावाच्या अमेरिकन बाईंनी १९७०च्या दशकात विज्ञानाच्या तासांचं ध्वनिमुद्रण करून पाहिलं. शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी एकच सेकंद थांबतात, असं त्यांना आढळलं. तेच तीन सेकंद किंवा थोडं जास्त थांबलं की मुलांची उत्तरं लांबतात, एरवी न बोलणारी मुलं बोलायला लागतात आणि ‘माहीत नाही’ म्हणणं कमी होतं. त्यांचा अभ्यास विज्ञानाच्या तासाचा होता. आमच्या मुलांना तर उत्तर आधी गुजरातीत सुचणार, मग त्याचं इंग्रजी होणार, मग धीर गोळा होणार. त्यांना एका सेकंदात काय जमणार?

पण थांबायचं म्हणून थांबता येत नाही. तीन सेकंद वर्गासमोर फार मोठे वाटतात. मी उजव्या हाताने डाव्या हातातल्या बांगड्या मोजायला लागले. एक, दोन, तीन, मग नजर वर. पहिल्या आठवड्यात मुलं बावरली. एक मुलगी तास संपल्यावर येऊन विचारून गेली, ‘बेन, तबियत सारी नथी?’ (बाई, बरं नाही का?) दुसऱ्या आठवड्यापासून मी एक बदल केला : प्रश्न विचारायचा, आधी बाकावरच्या जोडीदाराला हळू आवाजात सांगायचं, मग उभं राहायचं. चुकीची पहिली आवृत्ती जोडीदारापाशीच संपायची.

सोळा जानेवारीला, उत्तरायण म्हणजे पतंगांची संक्रांत, आणि दुसऱ्या दिवशीचं वासी उत्तरायण, यांच्या सुट्ट्या संपवून वर्ग पुन्हा भरला, तेव्हा तोच मागच्या बाकावरचा मुलगा उभा राहिला. बोटांना मांज्याने कापलेलं, त्यावर चिकटपट्टी. ‘यस्टरडे आय...’ मी तिसरी बांगडी पार करून चौथीवर होते. ‘...आय कट सेव्हन काइट्स.’ कट हे भूतकाळातही कटच राहतं, हे त्याला ठाऊक असेल-नसेल, पण वाक्य अचूक होतं आणि त्याचं स्वतःचं होतं. वर्गाने टाळ्या वाजवल्या, त्या वाक्याला नव्हे, सात पतंगांना. मला तेवढं पुष्कळ होतं.

तेव्हा तुम्ही एवढंच करा. मुख्याध्यापकांना विचारून एका तासाचा फक्त आवाज फोनवर टिपा. घरी एकटीने ऐका. तीनच गोष्टी मोजा : तुम्ही प्रश्न किती विचारलेत, प्रत्येकानंतर किती थांबलात, आणि किती वेगवेगळी मुलं बोलली. आकडे डायरीत लिहा, मग मुद्रण पुसून टाका. सहा आठवड्यांनी त्याच वर्गाचा पुन्हा एक तास टिपा. तुम्ही सुधारलात की नाही ते त्या दोन पानांवर दिसेल.

प्रश्न : बाई, मी चोवीस वर्षांची आहे. पदवीपर्यंत मराठी माध्यमात शिकले, मग लग्न होऊन बडोद्याला आले. आता एका शाळेत सहावीला इंग्रजी देते. स्टाफरूममध्ये इंग्रजी बोलायची वेळ आली की मी पाणी प्यायला उठते. केंब्रिजचा सेल्टा कोर्स केला तर आत्मविश्वास येईल असं एकजण म्हणाली. फी ऐकून घरी बोलायचा धीर होत नाही.

उत्तर : तुझ्या वयाच्या माझ्या विद्यार्थिनी आहेत, म्हणून अगं-तुगं करते.

सेल्टासाठी कर्ज काढू नकोस. कोर्स उत्तम आहे, किमान १२० तासांचा, त्यात सहा तास खऱ्या विद्यार्थ्यांना शिकवायचं आणि कुणीतरी जाणत्याने ते पाहायचं, ही त्यातली खरी मौल्यवान गोष्ट. पण तो मुख्यतः प्रौढांना इंग्रजी शिकवणाऱ्यांसाठी आखलेला आहे. तुझ्यापुढे अकरा वर्षांची मुलं आहेत. टीकेटी म्हणून त्याच केंब्रिजची शिक्षकांसाठीची परीक्षा आहे, तिच्यात प्रत्यक्ष वर्ग घ्यावा लागत नाही. तीही आत्ता घाईची नाही. आपल्या दारातच काय आहे ते आधी पाहा. वल्लभ विद्यानगरला एच. एम. पटेल इंग्रजी प्रशिक्षण संस्था आहे, खास इंग्रजीच्या शिक्षकांसाठी. आणंदपर्यंत गाडीने तासाभराच्या आत पोचतेस. एनसीईआरटीची भोपाळची प्रादेशिक शिक्षण संस्था गुजरातसाठीही काम करते. हैदराबादच्या इंग्रजी आणि परदेशी भाषा विद्यापीठाचं तर कामच हे आहे, १९५८ पासून. तिथे दूरशिक्षणाने सध्या काय चालू आहे, हे थेट विचारून घे.

आता स्टाफरूम. तुझं इंग्रजी कच्चं आहे असं तुला वाटतं, पण पत्रासोबत पाठवलेला इंग्रजी परिच्छेद मी वाचला. व्याकरण ठीक आहे. तुला भीती उच्चारांची आहे, आणि तिच्यावर सर्टिफिकेटने नाही, कानाने आणि तोंडाने काम करायचं.

मराठी घरातून आल्याचा तुला एक फायदा आहे. बॅट, बॉल, ऑफिस यातले ॲ आणि ऑ आपल्याला लिहायचीही सवय आहे. इथल्या माझ्या मुलांचं ‘स्नॅक्स’चं ‘स्नेक्स’ व्हायचं आणि डब्यात साप यायचे. तुझी अडचण वेगळी असेल. आपण शब्दातली सगळी अक्षरं सारख्या वजनाने म्हणतो. इंग्रजीत एकाच अक्षरावर जोर पडतो आणि तो जागा बदलतो. ‘फोटोग्राफ’मध्ये जोर ‘फो’वर, ‘फोटोग्राफर’मध्ये ‘टॉ’वर, ‘फोटोग्राफिक’मध्ये ‘ग्रॅ’वर. चांगल्या शब्दकोशात जोराच्या अक्षराआधी वरच्या बाजूला एक बारीक उभी रेघ असते. ती रेघ पाहायची सवय लाव. उद्याच्या धड्यातले दहा शब्द काढ, रेघ बघ, टाळी वाजवत म्हण. रोज दहा मिनिटं. एका वर्षात तुझं बोलणं ऐकणाऱ्याला सोपं होईल. इंग्रजांसारखं व्हायची गरज नाही, कुणी तशी अपेक्षा करत असेल तर ती सोडून दे.

दुसरं, वर्गात रोज लागणारी पंचवीस-तीस वाक्यं पाठ कर. पानं उघडा, जोडीने बोला, पुन्हा एकदा सांग, कोणाला वेगळं वाटतं, वेळ संपली. ही वाक्यं तोंडात बसली की वर्गात अडखळणं थांबतं, आणि वर्गातला धीर मग स्टाफरूमपर्यंत येतो. मी हे उलट दिशेने झालेलं कधी पाहिलं नाही.

आणि पाणी प्यायला उठू नकोस. पुढच्या वेळी एक वाक्य बोलून मग ऊठ.

प्रश्न : चार तुकड्या, प्रत्येकी साठ. म्हणजे निबंधाच्या दोनशे चाळीस वह्या. दर रविवार तपासण्यात जातो. नवीन वाचायचं, शिकायचं कधी? शिवाय लाल रंगाने पान भरलं तरी पुढच्या निबंधात त्याच चुका असतात.

उत्तर : तुमच्या प्रश्नातच उत्तर आहे. पान लाल करून चुका जात नसतील, तर रविवार वाचवायला हरकत नाही. मुलाला चाळीस खुणांतून काही शिकता येत नाही, त्याला एवढंच कळतं की आपल्याला येत नाही.

एका पंधरवड्याला एकाच प्रकारची चूक धरा. समजा, नकारार्थी भूतकाळ. वर्गात ‘ही डिडन्ट केम’ लिहिणारी वीसेक मुलं निघतील. ती असं का लिहितात ते बघा. आपण म्हणतो, ‘तो आला नाही.’ भूतकाळ ‘आला’मध्ये आहे, ‘नाही’ला काळाशी देणंघेणं नाही. गुजरातीतही ‘आव्यो नहीं’, तसंच. मुलाने ‘आला’साठी ‘केम’ ठेवलं आणि ‘नाही’साठी ‘डिडन्ट’ लावलं. त्याचं तर्कशास्त्र चोख आहे. त्याला फळ्यावर दोन्ही भाषा शेजारी लिहून दाखवा : मराठीत किंवा गुजरातीत काळ क्रियापदात राहिला, इंग्रजीत तो ‘डिड’ने उचलून नेला, म्हणून मागे नुसतं ‘कम’ उरलं. मी असं दाखवल्यावर एका मुलीने विचारलं होतं, ‘मग प्रश्नातसुद्धा डिडच उचलून नेतो?’ पुढचा धडा तिनेच सुरू करून दिला.

त्या पंधरवड्यात तेवढीच चूक अधोरेखित करा, दुरुस्त करू नका, दुरुस्ती मुलाने करायची. बाकी चुका सोडून द्या. खाली एकच ओळ लिहा, आणि ती मजकुराविषयी लिहा : तुझ्या आजीच्या गावची विहीर मला दिसली, पुढे काय झालं? दर आठवड्याला एकाच तुकडीच्या वह्या नीट वाचा. पालकांची तक्रार येईल, ‘टीचर चेक करत नाहीत’ म्हणून. सत्राच्या सुरुवातीलाच त्यांना पद्धत लिहून कळवा.

मराठी शिकवणाऱ्यांनाही हेच लागू आहे. बडोद्यातली मराठी मुलं ‘मी केली’च्या जागी ‘मी केला’ का लिहितात, हे वाक्यातल्या कर्माचं गुजरातीत लिंग काय आहे ते पाहिलं की पुष्कळदा उलगडतं.

प्रश्न : बी.एड.ला आहे. व्याकरण-भाषांतर, प्रत्यक्ष पद्धत, संवादी पद्धत या भाषा शिकवण्याच्या पद्धतींपैकी सर्वात चांगली कोणती?

उत्तर : परीक्षेत पुस्तकात आहे ते लिही. वर्गासाठी भाषाशिक्षणाचे अभ्यासक एन. एस. प्रभू यांचं नाव लक्षात ठेव. १९७९ ते १९८४ या काळात त्यांनी दक्षिणेतल्या साध्या सरकारी शाळांत, मोठ्या वर्गांत, व्याकरण न सांगता कामं देऊन इंग्रजी शिकवून पाहिलं : नकाशा वाचणं, गाड्यांच्या वेळापत्रकावरून प्रश्न सोडवणं. जगभर त्या प्रयोगाचा अभ्यास झाला. आणि तेच प्रभू १९९०मध्ये लिहितात की सर्वोत्तम अशी पद्धतच नसते, महत्त्वाची असते ती शिक्षकाच्या मनातली, शिकणं कसं घडतं याची जिवंत समजूत. मी त्यांचं वेळापत्रक उचललं, बडोदे स्टेशनचं करून टाकलं, आणि व्याकरणही सांगत राहिले. दोन्ही चाललं.

प्रश्न : इंग्रजीच्या तासाला मातृभाषा वापरावी का? आमच्याकडे दंड आहे, गुजराती-मराठी बोललं की दहा रुपये.

उत्तर : दंड आजच बंद करा. दहा रुपयांच्या भीतीने इंग्रजी येत नाही, मूल गप्प बसायला शिकतं. शब्दाचा अर्थ एका गुजराती शब्दात सांगून वाचलेली चार मिनिटं इंग्रजी बोलण्याला द्या.

प्रश्न : आम्ही वेगवेगळ्या शाळांतल्या पाच जणी, तीन इंग्रजीच्या, एक गुजरातीची, एक मराठीची. महिन्यातून एकदा भेटून काहीतरी करावं असं ठरवतोय. दोनदा भेटलो, दोन्ही वेळा मुख्याध्यापक आणि पगार यावर बोलून उठलो. पुढे काय?

उत्तर : पगारावर बोलणं चुकीचं नाही, ते चहाबरोबर करा. चहा शेवटी ठेवा.

आमचं मंडळ चौघींचं होतं, अकरा वर्षं चाललं. शनिवारी सकाळची शाळा सुटली की दांडिया बाजारातल्या एकीच्या घरी, जुन्या वाड्याच्या पहिल्या मजल्यावर. त्याआधी आमच्या शाळेत दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं होतं. प्रशिक्षक पडद्यावरच्या ओळी वाचत होते आणि आम्ही त्या उतरवून घेत होतो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जिना उतरताना आमच्यातली एक म्हणाली, ‘दोन दिवसांत एकाही मुलाचं नाव निघालं नाही.’ तिच्या त्या वाक्यावर मंडळ उभं राहिलं. नियम एकच : प्रत्येक बैठकीत टेबलावर एका खऱ्या मुलाचं लिखाण असलं पाहिजे, नाव झाकून.

पहिली वीस मिनिटं ते लिखाण सगळ्यांनी वाचायचं आणि या मुलाला काय काय येतं तेवढंच बोलायचं. काय येत नाही ते नंतर. ही शिस्त अवघड आहे. आमचा हात सवयीने लाल पेनाकडे जायचा. एकदा एका मुलाचा अर्धा पानभर निबंध आला होता, विषय पावसाळा, दर ओळीत चार चुका. आमच्या गुजरातीच्या बेन म्हणाल्या, ‘याने एकदाही पाऊस छान असतो असं लिहिलेलं नाही. घरात पाणी शिरलं, खाट विटांवर ठेवली, हेच लिहिलंय.’ त्या मुलाला लिहिता येत होतं. आम्हा तिघी इंग्रजीवाल्यांना ते दिसलं नव्हतं. म्हणून तुमच्यातल्या गुजरातीच्या आणि मराठीच्या बाईंना मंडळातून सुटू देऊ नका. त्यांचे तासही जाऊन बघा. कविता शिकवताना आधी अर्थ न सांगता दोनदा नुसती ऐकवायची, हे मी एका गुजरातीच्या तासाला मागे बसून शिकले.

एकीने दुसरीचा तास पाहायचा असेल तर काय पाहायचं ते शिकवणारीने ठरवावं. ‘माझ्या सूचना मुलांना पहिल्या वेळी कळतात का, एवढंच बघ.’ नंतरच्या बोलण्यात तेवढंच. साडी, आवाज, फळ्यावरचं अक्षर यावर एक शब्द नाही.

आणि पुस्तकांची एक पिशवी फिरती ठेवा. ही कल्पना आपल्या गावचीच आहे. सयाजीराव महाराजांनी १९०६मध्ये सगळ्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, आणि पुढे लिहायला-वाचायला शिकलेल्यांना वाचायला काहीतरी मिळावं म्हणून ग्रंथालय खात्यामार्फत पुस्तकांच्या पेट्या गावोगाव पाठवल्या. एक गाव वाचून झालं की पेटी पुढच्या गावाला. आम्ही पेटीची पिशवी केली. चार पुस्तकं, दोन अध्यापनावरची, दोन निव्वळ आनंदाची, महिन्याला घर बदलायचं. आनंदाची दोन गाळू नका. भाषा शिकवणारी व्यक्ती स्वतः वाचत नसेल तर मुलांना ते आठवड्याभरात कळतं.

तिसऱ्या बैठकीला पाचहीजणी वह्या आणू नका, एकीनेच आणा. तुमच्यातली जी सगळ्यात कमी बोलते तिला आधी विचारा, आणि तिला सांगा की हुशार मुलाची वही नको, जो तिला वर्षभर समजलेला नाही त्याची आण.